इथे हात लावण्याआधी

सोमवारपर्यंत सांगायचं होतं, कुठलं फ्रेमवर्क.
मार्केट यार्डात चंपालालजींची गुळाची पेढी,
तिचं बिलाचं पान अकरा वर्षांचं झालंय;
बटण दाबलं की गप्प बसतं,
उधारी मागितल्यासारखं.

एरंडवण्यात, आमच्या दुसऱ्या मजल्यावर
फळा पुसून चार रकाने पाडले.
ओजस म्हणाला, स्वेल्ट. अगदी हलकं, मॅडम,
कंपाइल झालं की मागे काही उरतच नाही.
चोवीस वर्षांचा आहे,
मागे काही न उरणं त्याला अजून आवडतं.

अँग्युलरची बाजू देवस्थळींनी लावून धरली.
त्यांच्या घरी मिसळणाच्या डब्यातसुद्धा
हळदीवर ‘हळद’ अशी चिठ्ठी असणार.
सगळं जिथल्या तिथे, फोल्डर ठरलेलं, टाइप ठरलेला,
पाच स्क्रीनच्या पेढीसाठी
पाचशे पानांची पंगत.

रिॲक्टवर कोणी फार बोललं नाही.
रिॲक्ट येणारी मुलं हिंजवडीतून मिळतात
आणि सहा महिन्यांत हिंजवडीलाच परत जातात.

व्ह्यू मला आवडतं.
वाचताना डोळे दुखत नाहीत, एवढंच कारण.
फळ्यावर लिहिण्याजोगं नव्हतं ते.

अफरोज बागवान काही बोलली नाही.
सपोर्टचा फोन तिच्याकडे असतो.

शनिवारी पेढीवर गेले.
चारही तऱ्हांनी केलेलं एकच पान
दिवाणजी खळदकरांच्या फोनवर उघडून दिलं.
फोनचा कोपरा फुटका, अंगठ्याला गूळ,
त्यामुळे काचेलाही.
त्यांनी चारही दाबून पाहिली, चष्मा कपाळावर सरकवला:
‘सारखीच आहेत की. फरक कुठंय?’
मी व्हर्च्युअल डॉम म्हणाले
आणि तिथेच थांबले.
एक मुंगळा कालच्या बिलावरून
एकूण रकमेकडे निघाला होता.
‘नाही, असेल फरक,’ ते म्हणाले, ‘तुम्ही शिकलेल्या आहात.
पण बिघडलं तर येणार कोण?’

त्या रात्री जुना कोड उघडला.
जेक्वेरी. एकाच फाइलमध्ये सगळा संसार.
लिहिणारी नीलांबरी साने,
ती टोरांटोला गेली त्यालाही आता आठ वर्षं झाली.
मी तिला कधी पाहिलं नाही,
पण तिचा कंस बंद करायचा आळस ओळखीचा झालाय.
चारशे बाराव्या ओळीवर हिरव्या अक्षरात:

ढेप फुटली असेल तर तोलाई अर्धी.
का, ते मला माहीत नाही.
इथे हात लावण्याआधी खळदकरांना फोन करा.

खाली सात आकडी नंबर.

बराच वेळ त्या ओळीपाशी बसले.
बाहेर कर्वे रोडवर कोणीतरी
बंद पडलेल्या स्कूटरला किक मारत होतं,
मारतच होतं.
कुठल्या फ्रेमवर्कच्या माहितीपुस्तकात
फुटक्या ढेपेचं पान असतं?

सोमवारी फळ्याकडे पाठ करून
अफरोजला विचारलं,
सकाळी साडेसहाला फोन आला, तू अर्ध्या झोपेत,
तर यातलं कुठलं वाचता येईल तुला?
‘रिॲक्ट,’ ती म्हणाली. ‘तेच येतं मला.’
मग जरा थांबून,
‘आणि मी हिंजवडीला जात नाहीये.’
ओजसचा चेहरा पडला. माझाही थोडा पडला असेल.
देवस्थळींनी ते वहीत टिपून घेतलं, तारीख घालून.

नवीन कोड आज चढवला.
पान आता पटकन उघडतं, त्याचं कौतुक
पेढीवर कोणीच केलं नाही.
तोलाईच्या फंक्शनवर नीलांबरीच्या तिन्ही ओळी
जशाच्या तशा ठेवल्यात.
खळदकरांना मी विचारलं होतं, का अर्धी.
ते म्हणाले, ‘पहिल्यापासून तसंच आहे.’
म्हणून फक्त नंबर बदलला.

खाली माझं नाव घालावं की नाही,
यावर मीटिंग झालेली नाही.